न ऐकलेल्या भाषणावरील अभिप्राय

पडदा वर जाण्यापूर्वीच नाटकाचे परीक्षण लिहून छापखान्याकडे धाडणारा कोणी समीक्षक आमच्या मंडळात निघाला, तर त्यास पुढील अंकात जागा मिळणार नाही, एवढी शिस्त आम्ही आजवर पाळली आहे. राजकीय वक्तृत्वास मात्र हा नियम कोणी लावीत नाही. ८ सप्टेंबर २००९ रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन येथील वेकफील्ड हायस्कुलातून देशभरच्या शाळकरी मुलांना उद्देशून भाषण केले. त्यावरील बहुतेक अभिप्राय ते होण्यापूर्वीच्या आठवड्यातच देऊन झाले होते. भाषण झाले आणि अभिप्राय थांबले. राजकारणात असा उफराटा क्रम नवा नाही, परंतु येथे श्रोते पाच वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतची मुले होती, म्हणून तो प्रसंग आम्हांस अजून विसरता येत नाही.

आमच्या एका जुन्या सभासदांचा नातू त्या वेळी टेक्सासमध्ये चौथीत होता. शाळेतून घरी एक चिठ्ठी आली : राष्ट्राध्यक्षांचे भाषण आपल्या पाल्याने ऐकावे असे वाटत नसल्यास येथे सही करावी; त्या वेळात त्याला ग्रंथालयात बसविले जाईल. मुलाचे आईवडील ग्रीनकार्डधारक, त्या देशात त्यांना मत नव्हते. सही केली तर राष्ट्राध्यक्षांचा अवमान केल्यासारखे, न करावी तर गल्लीतल्या शेजाऱ्यांच्या नजरेत एका पक्षाचे. दोन रात्री त्या घरात ह्याच एका कागदावर खल चालला होता, आणि दुसऱ्या रात्री बडोद्यास आजोबांना फोन आला. आजोबांनी आम्हांस विचारले. आम्ही हसलो. “राजाने मुलांना अभ्यास करा म्हणून सांगितले, तर त्यात परवानगी कसली घ्यायची?” असे काहीसे आम्ही बोललो. ते बोलणे आता आमच्या अंगाशी कसे आले, ते पुढे सांगू.

प्रथम घडले ते असे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने भाषणासोबत शिक्षकांसाठी काही पूरक उपक्रम सुचविले होते. त्यांतील एक असा की, राष्ट्राध्यक्षांना साह्य करण्यासाठी आपण काय करू शकतो, हे लहान मुलांनी स्वतःस पत्र लिहून नोंदवावे. ह्या एका वाक्याने रान पेटले. फ्लॉरिडातील रिपब्लिकन पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष जिम ग्रीअर यांनी १ सप्टेंबरला पत्रक काढले : करदात्यांच्या पैशाने राष्ट्राध्यक्ष आपली समाजवादी विचारसरणी मुलांच्या गळी उतरवीत आहेत. रेडिओवरील वक्त्यांनी तोच सूर उचलला. पालकांचे दूरध्वनी शाळांवर कोसळू लागले. कित्येक शाळा-मंडळांनी भाषण थेट न दाखविण्याचे ठरविले, कित्येकांनी वर सांगितली तशी चिठ्ठी काढली. खात्याने ते वाक्य बदलून, मुलांनी आपली शिक्षणविषयक नजीकची आणि दूरची उद्दिष्टे कशी गाठता येतील ते लिहावे, असे केले. ७ सप्टेंबरला, म्हणजे आदल्या दिवशी, संपूर्ण संहिताच प्रसिद्ध करण्यात आली. ती पाहिल्यावर ग्रीअर यांनी भाषण चांगले असल्याचे मान्य केले, आपली मुलेही ते ऐकतील असे सांगितले. माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनीही ओबामांची बाजू घेतली.

त्या मोसमाची हवा लक्षात घेतल्याशिवाय ह्या संतापाचा अर्थ लागत नाही. आदल्या ऑगस्टमध्ये आरोग्यविम्याच्या सुधारणेवरून गावोगावच्या सभांत आरडाओरडा झाला होता. शाळेतील भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी, ९ सप्टेंबरला, ओबामा काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनात बोलत असता साउथ कॅरोलायनाच्या एका सदस्याने त्यांना भर सभागृहात खोटारडे ठरविले. घरातील भांडण चालू असता मुलाला दूध पाजण्यावरूनही दोन शब्द होतात, त्यातलाच हा प्रकार.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे एका पक्षाला मूर्ख ठरवून मोकळे होणे. अठरा वर्षे मागे जावे. १ ऑक्टोबर १९९१ रोजी थोरले बुश यांनी वॉशिंग्टनच्या अॅलिस डील ज्युनियर हायस्कुलातून असेच भाषण केले, तेही दूरचित्रवाणीवरून देशभर गेले. त्यात त्यांनी हुशार असणे कमीपणाचे मानणाऱ्या सोबत्यांकडे दुर्लक्ष करा, असे मुलांना सांगितले. आणि शिक्षणाची उद्दिष्टे गाठण्यास तुम्ही कशी मदत कराल, ते मला पत्राने कळवा, अशी विनंती केली. म्हणजे २००९ मध्ये खात्याच्या कागदावरील ज्या कल्पनेने आग लावली, जवळजवळ तीच १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या तोंडी होती. त्या वेळी संतापले ते डेमोक्रॅट. प्रतिनिधिगृहातील त्यांचे नेते रिचर्ड गेपहार्ट यांचे म्हणणे असे की, शिक्षण खात्याने राष्ट्राध्यक्षांसाठी पैसे मोजून राजकीय जाहिरात तयार करू नये. भाषणाच्या चित्रीकरणावर सुमारे २७ हजार डॉलर खर्च झाले, त्याची चौकशी लावण्यात आली, शिक्षणमंत्री लमार अलेक्झांडर यांना काँग्रेसच्या समितीपुढे पाचारण झाले. काँग्रेसच्या हिशेबतपासनिसांनी शेवटी, कायद्याचा भंग झालेला नाही, असा निर्वाळा दिला. त्याही आधी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, रेगन मुलांशी बोलले होते. प्रश्नोत्तरांत त्यांनी करकपातीचे गुणगान केले होते. तिघांत उघड राजकारण कोणी आणले असेल तर ते रेगन यांनी, आणि गंमत अशी की त्यांच्यावरून म्हणण्यासारखा गदारोळ झाला नाही.

दोन्ही वेळी एकच भूमिका घेणारी माणसे अगदीच नव्हती असे नाही. न्यूट गिंग्रिच यांनी १९९१ मध्ये बुश यांचा कैवार घेतला होता आणि २००९ मध्ये, हाडाचे विरोधक असूनही, ओबामांनी बोलण्यात वावगे काही नाही असेच म्हटले. अलेक्झांडर तोवर सिनेटर झाले होते. त्यांनीही राष्ट्राध्यक्षांच्या मुलांशी बोलण्याच्या अधिकाराला हरकत घेतली नाही. ज्याने एकदा चौकशीच्या खुर्चीत बसून पाहिले आहे, त्याची स्मृती बरी असते.

आता ह्या भीतीत तथ्य किती, हा खरा प्रश्न. आम्ही ते थोडे आहे असे मानतो. अमेरिकेत शाळा ही राजधानीची नव्हे, गावाची वस्तू आहे. निवडून आलेली स्थानिक मंडळे ती चालवितात, घरपट्टीतून ती बऱ्याच अंशी पोसली जाते. केंद्रीय शिक्षण खाते १९७९ च्या कायद्याने निर्माण झाले, १९८० मध्ये ते कामास लागले. त्या कायद्यातच अभ्यासक्रमावर केंद्राने नियंत्रण ठेवू नये असा प्रतिबंध घातलेला आहे. रेगन तर ते खाते मोडण्याचे वचन देऊनच निवडून आले. वॉशिंग्टनहून शिक्षकांच्या मेजावर उपक्रमाचा कागद येऊन पडला, तेव्हा पुष्कळांना तो पाहुण्याने स्वयंपाकघरात शिरल्यासारखा वाटला असल्यास ते समजण्याजोगे आहे. मुलाने कोणाला साह्य करावे? शाळेला, घराला, देशाला. ‘राष्ट्राध्यक्षांना’ हा शब्द तेथे नको होता, ही हरकत रास्त होती, आणि खात्याने तो काढला हेही रास्त झाले. पण हरकत शब्दावर होती, अन् बंदी भाषणावर आली. शब्द गेल्यावरही बंदी बऱ्याच ठिकाणी राहिली, आणि येथे हरकतीचे पक्षात रूपांतर झाले.

मग ते भाषण कसे होते? आमचे काम वस्तुतः येथून सुरू होते, कारण ते भाषण म्हणून कोणी वाचलेच नाही.

आमच्या वाचकांना नारदीय कीर्तनाची घडण सांगण्याची गरज नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या वाड्यांत चातुर्मासात ती कानांवर पडलेली आहे. ओबामांचे पंधरा-वीस मिनिटांचे ते भाषण त्याच घडणीचे आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचा संभव नाही म्हणून अधिकच मौजेचे. आरंभी विषय मांडला : शिक्षकांच्या, पालकांच्या आणि सरकारच्या जबाबदारीविषयी मी पुष्कळ बोललो, आज तुमच्या स्वतःच्या जबाबदारीविषयी बोलतो. मग निरूपण, आणि त्यात वक्त्याचा स्वानुभव. इंडोनेशियात राहत असता अमेरिकन शाळेत घालण्याइतके पैसे आईपाशी नव्हते, म्हणून ती पहाटे साडेचारला उठवून जादा धडे शिकवी; स्वयंपाकघरातील मेजावर पेंगणाऱ्या मुलाची कुरकुर तिने कशी मोडून काढली, तो किस्सा त्यांनी मिस्किलपणे सांगितला. वडील दोन वर्षांचा असतानाच सोडून गेले, हेही आडपडदा न ठेवता सांगितले. पुढे आख्यान : टेक्सासच्या सीमेवरील गावात वाढलेली, शाळेत प्रथम आली तेव्हा इंग्रजी न येणारी मुलगी, तीन वर्षांचा असल्यापासून मेंदूच्या कर्करोगाशी झगडणारा कॅलिफोर्नियातील मुलगा, एका पालकगृहातून दुसऱ्यात फिरत राहिलेली शिकागोतील मुलगी. तिघेही शिकले. शेवटी मागणे : आपापले उद्दिष्ट ठरवा, नापास झालात तर लाजू नका, न कळले तर विचारा. मध्येच, फ्लूचे दिवस आहेत, हात धुवा, असेही सांगून घेतले. त्या वर्षी स्वाइन फ्लूची साथ होती. आपल्या पुण्यातही त्या ऑगस्टमध्ये शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, हे वाचकांस स्मरत असेल.

ह्यात समाजवाद कोठे आहे? आम्ही शोधला, सापडला नाही. उलट भाषणाचा दोष अगदी विरुद्ध दिशेचा आहे. घरची गरिबी, शेजारची गुंडगिरी, वडिलांचे नसणे, ह्यांपैकी काहीही अभ्यास न करण्यास सबब होऊ शकत नाही, हा त्याचा गाभा. ही शिकवण कोणाही जुन्या मराठी मुख्याध्यापकास आवडेल, आणि म्हणूनच तिच्यातील उणीव लगेच ध्यानात येत नाही. जेथे शाळा घरपट्टीवर चालते, तेथे मोठ्या घरांच्या वस्तीतील शाळेला प्रयोगशाळा मिळते आणि लहान घरांच्या वस्तीतील शाळेचे छप्पर गळते. टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या गरीब पालकांनी ह्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून दिलेला नाही, असे सांगून ती फेटाळली. राष्ट्राध्यक्ष त्याच राज्यातील एका मुलीचे उदाहरण देतात आणि ह्या अन्यायावरून एका वाक्यात पुढे जातात. सरकार वर्गखोल्या नीट करील, पुस्तके व संगणक देईल, एवढे आश्वासन येते खरे. पण भार सारा मुलाच्या खांद्यावर. कीर्तनकाराने ध्रुवाची गोष्ट सांगावी आणि सुरुचीविषयी चकार शब्द काढू नये, तसे हे झाले. टीका करायची तर ही करता आली असती. ती करण्यास डावीकडील मंडळी पक्षनिष्ठेमुळे पुढे आली नाहीत, उजवीकडील मंडळींना हे भाषण आपलेच आहे हे उमगले नाही.

शैलीविषयी दोन शब्द. वक्तृत्वाच्या उंचीने पाहता ओबामांची याहून सरस भाषणे आहेत. येथे वाक्ये आखूड आहेत, उदाहरणे मुलांच्या ओळखीची आहेत : मायकेल जॉर्डनला शाळेच्या संघातून वगळले होते, रोलिंगबाईंचे पहिले हॅरी पॉटर बारा वेळा परत आले होते. ही दुसरी गोष्ट वाचून आमच्या मंडळातील अप्रकाशित कवींस दिलासा मिळेल, पण मुलांना तो मिळावा का, ह्याविषयी आम्ही साशंक आहो. बारा वेळा परत आलेली बाकीची हस्तलिखिते कोणी मोजत नाही. ह्याच भाषणात, रॅप गाऊन किंवा दूरचित्रवाणीवर झळकून तुम्ही श्रीमंत व्हाल अशी आशा धरू नका, तसे बहुधा होणार नाही, असेही सांगितले आहे. हे वाक्य अधिक प्रामाणिक, आणि मुलांना गोड बोलून गप्प करण्याचा मोह त्यात नाही.

भाषणापूर्वी त्या शाळेतील नववीच्या मुलांशी त्यांच्या गप्पा झाल्या. जिवंत वा मृत कोणाबरोबर जेवावयास आवडेल, असे एकीने विचारले. त्यांनी गांधीजींचे नाव घेतले, आणि जेवण फार थोडे असेल असा विनोद केला. हे वाचताना आम्हांस ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा आठवले. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण देणारी योजना झाकिर हुसेन यांच्या समितीने सिद्ध केली. त्या योजनेचे पुढे काय झाले? सूतकताई मुलाला शिकवील की राबवून घेईल, हा शैक्षणिक प्रश्न होता आणि त्यावर मतभेद व्हावयास हवे होते. परंतु मुस्लिम लीगने तीत काँग्रेसची राजवट पाहिली. मध्य प्रांतातील विद्यामंदिर योजना व शाळांतील वंदे मातरम् ही दोन्ही १९३८ च्या पीरपूर अहवालात तक्रारीची कलमे झाली. काँग्रेसच्या बाजूनेही, ज्या नावाने दुसऱ्याच्या मुलाला परके वाटते ते नाव शाळेला द्यावे का, ह्याचा विचार वेळीच झाला नाही. चरखा बाजूला राहिला.

आणि आम्ही बडोदेकर तर ह्याहून जुन्या प्रसंगाचे वारस. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ह्याचा अभिमान आम्ही प्रत्येक स्मृतिदिनी मिरवतो. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास तेथे दंड होत असे, हे मात्र सहसा सांगत नाही. राज्यकर्ता शाळेत केवळ उपदेश घेऊन येत नाही, हुकूम घेऊनही येतो. शेतावरचे पोर ओढून नेले म्हणून कुरकुरणारा कुणबी आणि चिठ्ठीवर सही करणारा टेक्सासचा पालक ह्यांच्यात आम्हांस वाटते तेवढे अंतर नसावे. सीमाभागातील आमच्या वाचकांना तर हे सांगणेच नको. बेळगावातील मराठी घरात सरकारी परिपत्रकाकडे आधी संशयाने पाहिले जाते, मजकूर मागून वाचला जातो. आणि त्याला कारणेही घडलेली आहेत.

येथवर आमचा सूर न्यायाधीशाचा राहिला. आता कबुली. ५ सप्टेंबर २०१४ रोजी, शिक्षक दिनी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्लीच्या माणेकशा सभागृहातून देशातील विद्यार्थ्यांशी संवाद साधला. त्याही वेळी परिपत्रके निघाली, शाळांनी दूरचित्रवाणी संचांची व्यवस्था करावी असे कळविले गेले, मग मंत्र्यांनी, उपस्थिती ऐच्छिक आहे, असा खुलासा केला. पश्चिम बंगालच्या सरकारने असमर्थता दर्शविली. त्या निमित्तच्या निबंधस्पर्धेस दिलेल्या ‘गुरु उत्सव’ ह्या नावावरून तमिळनाडूतील पक्ष खवळले. भाषणात मुलींसाठी शाळेत स्वच्छतागृहे असावीत, थोरांची चरित्रे वाचावीत, वीज वाचवावी, असे विषय होते. बडोद्यात मात्र ह्या प्रसंगास आणखी एक पदर होता : मोदी मे महिन्यात येथून निवडून आले होते, वाराणसी राखून त्यांनी ही जागा सोडली होती, आणि तिची पोटनिवडणूक १३ सप्टेंबरला, म्हणजे आठ दिवसांवर होती.

आमच्या बैठकीत त्या आठवड्यात जे झाले, ते लिहिताना लाज वाटते. २००९ मध्ये अमेरिकन पालकांना हसलेले आम्ही सारे दोन गटांत विभागलो. एकाने सक्तीचा निषेध करणारा ठराव आणला, दुसऱ्याने अभिनंदनाचा. दोन्ही ४ तारखेला, म्हणजे भाषणाच्या आदल्या संध्याकाळी, लिहून तयार होते. ज्यांनी ओबामांच्या वेळी ‘राजाने मुलांना सांगितले तर बिघडले काय’ असे म्हटले होते, त्यांतील काहींना आता राज्यसत्तेचा शाळेतील शिरकाव दिसू लागला. आणि ज्यांना तेव्हा त्या राष्ट्राध्यक्षांचा दिखाऊपणा खटकला होता, त्यांना आता मुलांशी बोलणारा नेता पितृतुल्य वाटू लागला. प्रस्तुत लेखक कोणत्या गटात होता, ते सांगून काही साधणार नाही. एका वृद्ध सभासद बाईंनी, ह्या निवृत्त शिक्षिका, एवढेच विचारले की, “तुमच्यापैकी उद्या मुलांबरोबर बसून ते ऐकणार कोण आहे?” कोणीही हात वर केला नाही. ठराव दोन्ही बारगळले, पण एका सभासदांनी त्यानंतर येणे सोडले ते सोडलेच.

पुढे अशा भाषणांचा वार्षिक परिपाठ होत गेला. ओबामा २०१० मध्ये फिलाडेल्फियातील आणि २०११ मध्ये वॉशिंग्टनमधील एका शाळेतून पुन्हा बोलले, तेव्हा फारसे कोणी ओरडले नाही. आपल्याकडे २०१८ पासून ‘परीक्षा पे चर्चा’ सुरू झाली. २० मार्च २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी ते केंद्रीय शिक्षण खाते मोडीत काढण्याच्या आदेशावर सही केली, तेव्हा व्हाइट हाउसच्या दालनात शाळेतील बाके मांडून त्यांवर मुले बसविली होती, आणि त्यांनीही आपापल्या कागदांवर सह्या केल्या. १९९१ मध्ये चित्रीकरणाचा खर्च मोजणारे आणि २००९ मध्ये मुलांच्या मनाची काळजी वाहणारे, ह्यांपैकी कोणाला त्या बाकांवरील मुलांविषयी काय वाटले, ते त्या दिवशी आपला पक्ष कोणता ह्यावर ठरले.

टेक्सासचा तो नातू आता नोकरीस लागला आहे. गेल्या हिवाळ्यात तो आजोबांकडे आला असता आम्ही त्यास मुद्दाम विचारले. घरच्यांनी शेवटी सही केली नव्हती, तो वर्गात बसला होता. भाषणातले त्याला काय आठवते? पहाटे उठविणारी आई आठवते, कारण त्याचीही आई त्यास मराठी शिकविण्यासाठी रविवारी लवकर उठवीत असे. बाकी काही नाही. मात्र भाषण सुरू होण्यापूर्वी बाईंनी पाच नावे वाचली आणि ती पाच मुले उठून ग्रंथालयाकडे गेली, हे त्यास स्वच्छ आठवते. त्यांतला एक त्याच्याच बाकावर बसणारा होता. परत आल्यावर त्याने विचारले, “काय म्हणाले?” आणि ह्याने सांगितले, “हात धुवा म्हणाले.”